एकाच मांडवातल्या पाच पेन्शनी

गेल्या हिवाळ्यात मलकापुरात आमच्या पुतणीचे लग्न झाले. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली, वरपक्षाची मंडळी विसाव्याला गेली आणि मांडवाच्या एका कोपऱ्यात गाद्या-लोडांवर आमच्याकडची सहा माणसे रेलून बसली. व्यापारी घराण्यातल्या अशा बैठकीत कापसाचा भाव निघतो, सोयाबीनची आवक निघते, नाहीतर जीएसटीची नोटीस निघते. त्या संध्याकाळी निघाली ती पेन्शन. कारण उघड होते. तिथे बसलेल्यांत दुकानाच्या गादीवरचा मी एकटाच होतो.

आपल्या समाजात हा बदल हळूहळू झाला, म्हणून फारसा जाणवला नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत घरातले सगळे मुलगे एकाच पेढीवर बसत. आता एक बसतो. बाकीचे शिकून नोकरीला लागतात, आणि लेकी-सुनाही लागतात. त्या कोपऱ्यात राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात सरकारी शाळेत शिकवणारा मामेभावाचा मुलगा होता. इंदूरला मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत असलेली भाची होती. वहिनींचे बेळगावचे बंधू कर्नाटक शासनाच्या एका खात्यात आहेत, तेही होते. आमचे जावईबापू बुलढाणा जिल्हा परिषदेचे शिक्षक. पाचवे होते आमच्या जुन्या जिनिंगचे मुनीमजी. त्यांना निमंत्रण घरच्यासारखेच होते. पण पेन्शनचा विषय निघाल्यापासून ते जे गप्प झाले, ते अखेरपर्यंत.

पहिल्या चौघांचे शिक्षण जवळपास सारखे, पगारात थोडे उणेअधिक. म्हातारपणाचा हिशेब मात्र चौघांचा चार तऱ्हेचा. ज्याला आपण सरसकट 'सरकारी नोकरी' म्हणतो आणि सोयरीक जुळवताना ज्या शब्दावर अजूनही भरवसा ठेवतो, तो शब्द आता पूर्वीसारखा एकसंध राहिलेला नाही. मुलगा कोणत्या राज्यात आहे आणि कोणत्या तारखेला रुजू झाला, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

पालीचा मुलगा सर्वांत निश्चिंत होता. त्याची नेमणूक २०१२ ची, म्हणजे एरवी नव्या योजनेतली. परंतु २३ फेब्रुवारी २०२२ रोजी राजस्थानचे तत्कालीन मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांनी अर्थसंकल्पात जुनी पेन्शन परत आणण्याची घोषणा केली आणि एप्रिलपासून त्याच्या पगारातली दहा टक्क्यांची कपात थांबली. हातात येणारा पगार वाढला, आणि निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, तिच्यावर वेळोवेळी वाढणारा महागाई भत्ता, त्याच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन, हे सारे पुन्हा त्याच्या नावे लागले. छत्तीसगड, झारखंड आणि हिमाचल प्रदेश पुढच्या वर्षभरात याच वाटेने गेले. पंजाबनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली, पण तिथले कर्मचारी प्रत्यक्ष अंमलबजावणीची वाट पाहत राहिले.

जुनी पेन्शन म्हणजे काय, हे आपल्या वऱ्हाडाला वेगळे सांगायला नको. आमच्या लहानपणी आळीत एक निवृत्त गुरुजी राहत. त्यांची नोकरी सुरू झाली ती मध्य प्रांत व वऱ्हाडात. १९५० साली त्याचे मध्य प्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बुलढाणा जिल्हा विदर्भासह द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. गुरुजी एकाच गावात, एकाच शाळेच्या आसपास राहिले. त्यांच्यावरचे राज्य मात्र बदलत गेले. तरी पेन्शन चुकली नाही, कारण राज्य पुनर्रचनेच्या कायद्यातच पेन्शनची जबाबदारी जुन्या-नव्या राज्यांनी कशी वाटून घ्यायची याची तरतूद केलेली होती. सरकारचा शब्द हा असा होता. डिसेंबर १९८२ मध्ये नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला न्यायाचे अधिष्ठान दिले. पेन्शन ही धन्याची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेतून उत्पन्न झालेला तो हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय आहे.

योगायोग असा, की बुलढाण्याचे राज्य बदलले ती तारीख १ नोव्हेंबर आणि महाराष्ट्रात जुन्या पेन्शनची दारे बंद झाली ती तारीखही १ नोव्हेंबर, साल २००५. त्या दिवशी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांना परिभाषित अंशदान योजना लागू झाली. केंद्र सरकारने आपल्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी हा बदल १ जानेवारी २००४ पासून केला होता. लष्कर त्यातून वगळले. राजस्थानचीही तारीख तीच. मध्य प्रदेश १ जानेवारी २००५, गुजरात १ एप्रिल २००५, कर्नाटक १ एप्रिल २००६. तमिळनाडू केंद्राच्याही आधी, १ एप्रिल २००३ ला. केरळने २०१३ च्या एप्रिलपर्यंत दम धरला. पश्चिम बंगाल या वाटेने गेलाच नाही. एका देशात एकच काम करणाऱ्या माणसांच्या म्हातारपणाची रेघ इतक्या निरनिराळ्या दिवशी ओढली गेली आहे.

आता इंदूरची भाची. ती सरळ एनपीएसमध्ये आहे. तिच्या पगारातून वेतन व महागाई भत्ता मिळून होणाऱ्या रकमेच्या दहा टक्के जातात, शासन चौदा टक्के घालते, ही रक्कम निधी व्यवस्थापकांमार्फत रोख्यांत आणि शेअर बाजारात गुंतते. निवृत्त होताना साठलेल्या रकमेपैकी निदान चाळीस टक्क्यांतून विमा कंपनीकडून वर्षासन विकत घ्यावे लागते; उरलेले साठ टक्के करमुक्त हाती येतात. ही योजना वाईटच, असे व्यापाऱ्याने तरी एकदम म्हणू नये. मांडवातच एका पत्रिकेच्या पाठीवर मी आकडे मांडून पाहिले. समजा, भाचीचे शेवटचे मूळ वेतन सत्तर हजार आणि खात्यात साठ लाख साठले. चोवीस लाखांचे वर्षासन साडेसहा टक्क्यांनी महिना तेरा हजार देईल. उरलेले छत्तीस लाख सात टक्क्यांनी ठेवले तर महिना एकवीस हजार. दोन्ही मिळून चौतीस हजार. जुन्या योजनेत याच वेतनावर पेन्शन बसली असती पस्तीस हजार. म्हणजे पहिल्या महिन्यात फरक अवघ्या हजाराचा, आणि शिवाय मुद्दल घरात! भाचीच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आले.

पण हिशेब पहिल्या महिन्यावर थांबत नाही. जुन्या पेन्शनवर महागाई भत्ता चढत जातो. तो पन्नास टक्क्यांवर गेला की पस्तीसचे साडेबावन्न हजार होतात. वर्षासनाचे तेरा हजार पंधराव्या वर्षीही तेराच हजार. हाती आलेल्या छत्तीस लाखांतून कोणी मुलाला दुकान काढून दिले, कोणी फ्लॅट घेतला, कोणाच्या घरी मोठे आजारपण निघाले, तर ते एकवीस हजारही गेले. आणि साठ लाख साठतीलच, असे तरी कोणी सांगितले? बाजार चढा असताना निवृत्त होणारा आणि पडलेला असताना निवृत्त होणारा यांनी सेवा सारखीच केलेली असते. आपल्या भाषेत बोलायचे तर जुन्या योजनेत भावाची जोखीम सरकारची होती, एनपीएसमध्ये ती कर्मचाऱ्याच्या पदरात घातली. पेढीवर जोखीम घेणारा नफ्याचाही धनी असतो आणि धोका पाहून हात आखडता घेऊ शकतो. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला ती मुभा नाही.

बेळगावच्या पाहुण्यांचे प्रकरण तारखेचे. त्यांच्या भरतीची जाहिरात कर्नाटकाच्या १ एप्रिल २००६ या रेघेच्या आधीची, नेमणूक मात्र नंतरची. निवड यादी लांबली, त्यात त्यांचा दोष काय? तरी अठरा वर्षे ते नव्या योजनेत राहिले. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटक शासनाने अशा सुमारे तेरा हजार कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनचा मार्ग मोकळा केला. आपल्याकडेही त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२४ मध्ये, १ नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या जाहिरातीनुसार नंतर रुजू झालेल्या सुमारे सव्वीस हजार जणांना एकदाच पर्याय देण्याचा शासन निर्णय झाला. आपल्या घरातले कोणी २००५-०६ च्या आसपास लागले असेल, तर नेमणुकीच्या आदेशाबरोबर मूळ जाहिरातीची तारीखही पाहून ठेवावी. या एका कागदाने कित्येकांचे उत्तरायुष्य पालटले आहे.

जावईबापूंची नेमणूक २००८ ची, जाहिरातही नंतरचीच, म्हणून त्यांना या वाटेने काही मिळण्यासारखे नव्हते. त्यांच्या पहिल्या काही वर्षांच्या कपातीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्याच त्यांना वेळेवर मिळाल्या नाहीत. कपात होत होती. ती कुठे जमा झाली, शासनाचा हिस्सा पडला की नाही, व्याज किती, हे विचारायला गेले की एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जावे लागे. महाराष्ट्राची योजना २०१४-१५ च्या सुमारास राष्ट्रीय योजनेला जोडली गेली, त्यानंतर हिशेब दिसू लागला. आपल्या पेढीवर गिऱ्हाइकाने पाच-सात वर्षे पैसे भरावेत आणि खाते उतारा मागितल्यावर आपण त्याला उद्या या म्हणावे, तर पेठेत आपली काय पत राहील? योजना चांगली की वाईट हे नंतरचे. आधी वही दाखवा, एवढेच तर त्याचे म्हणणे असते.

दुसरा प्रश्न मृत्यूचा. जावईबापूंच्या शाळेतले एक सहकारी ऐन चाळिशीत हृदयविकाराने गेले. जुन्या योजनेतल्या शिक्षकाच्या पत्नीला दुसऱ्या महिन्यापासून कुटुंब निवृत्तिवेतनाचा आधार असे. या बाईंपुढे त्या वेळी नवऱ्याच्या खात्यातली थोडकी शिल्लक आणि दोन लहान मुले होती. मार्च २०२३ च्या संपामागे अशा घरांची आठवण होती, हे आपण व्यापाऱ्यांनी समजून घ्यायला हवे. १४ ते २० मार्च असा आठवडाभर राज्यातले लाखो कर्मचारी कामावर गेले नाहीत. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा बुलढाण्याच्याही रस्त्यांवर घुमली. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा कपाळाला आठ्या घातल्या; मीही घातल्या होत्या. संप मिटला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ मार्चला, एनपीएसमधल्या कर्मचाऱ्यांनाही सेवेत असताना मृत्यू आल्यास कुटुंब निवृत्तिवेतन, तसेच उपदान देण्याचा शासन निर्णय निघाला.

संपाच्या वेळी निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली होती. तिच्या अहवालानंतर १ मार्च २०२४ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना जाहीर केली: शेवटच्या वेतनाच्या पन्नास टक्के पेन्शन, त्यावर महागाईवाढ, आणि त्या पेन्शनच्या साठ टक्के कुटुंब निवृत्तिवेतन. कर्मचाऱ्याची आणि शासनाची वर्गणी मात्र सुरूच. पुढे ऑगस्टच्या २४ तारखेला केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना, म्हणजे यूपीएस, मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. असे करणारे हे पहिले राज्य.

कुटुंब निवृत्तिवेतनाच्या आकड्याची एक गंमत सांगतो. जुन्या नियमात ते सामान्यतः वेतनाच्या तीस टक्के. नव्या योजनेत ते पेन्शनच्या साठ टक्के. आणि पेन्शन वेतनाच्या निम्मी, म्हणजे पुन्हा वेतनाच्या तीसच टक्के. साठ ऐकायला मोठे वाटते. वजन करणाऱ्याने काटा पाहावा.

यूपीएसमध्ये मात्र एक अट अशी आहे, की तिचा फटका राज्याराज्यांत वेगळा बसेल. पूर्ण पन्नास टक्के मिळायला पंचवीस वर्षांची सेवा लागते. कमी असेल तर त्या प्रमाणात. निदान दहा वर्षे भरली तर महिना किमान दहा हजार. केंद्रात निवृत्ती साठाव्या वर्षी, मध्य प्रदेशात बासष्टाव्या. महाराष्ट्रात बहुतेकांची अठ्ठावन्नाव्या. पस्तिशीत नोकरी लागलेल्या आपल्याकडच्या शिक्षकाची सेवा भरते तेवीस वर्षे, आणि त्याची पन्नासाची छेचाळीस होते. इंदूरच्या भाचीची तेवढीच सेवा सत्तावीस वर्षांची झाली असती. शिवाय यूपीएसमधली हमी खात्यातल्या साठ्याच्या बदल्यात आहे. निवृत्तीच्या वेळी त्यातली रक्कम एकरकमी काढली, तर मासिक पेन्शन त्या प्रमाणात उतरते. घरातल्या कोणाला पर्याय निवडायचा असेल, तर या दोन मुद्द्यांवर आपल्या वयाचे आणि सेवेचे आकडे घालून पाहावेत. संघटनेच्या व्हॉट्सअॅप गटावरचा तक्ता दुसऱ्याच्या वयाचा असतो.

पालीचा मुलगा इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "काकासा, मग आमचेच बरे." मी त्याला लगेच हो म्हटले नाही. जुन्या पेन्शनसाठी सरकार बाजूला काही काढून ठेवत नाही. आजच्या करातून कालच्या कर्मचाऱ्याला देते. व्यापारात याला नाव आहे: खतावणीत न टाकलेले देणे. ते दिसत नाही तोवर ताळेबंद गोजिरा दिसतो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन परत आणली तर राज्यावर एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडेल, असे सांगितले होते. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये मांडलेला अंदाज असा, की सगळी राज्ये जुन्या योजनेकडे वळली तर दीर्घकाळात त्यांचा भार एनपीएसच्या सुमारे साडेचार पट होईल. राजस्थानने कर्मचाऱ्यांच्या नावे साठलेला एनपीएसचा पैसा परत मागितला, तेव्हा कायद्यात तशी तरतूद नाही, असे केंद्राने संसदेत स्पष्ट केले. म्हणजे जुना निधी अडकलेला, वर्गणी बंद, आणि देणे पुढच्या पिढीच्या नावे. मुलगा आज चाळिशीच्या आतला आहे. त्याची पेन्शन सुरू व्हायला वीस वर्षे आहेत, आणि तेव्हाच्या तिजोरीचा जामीन आज कोणी दिलेला नाही.

बंगालचा दाखला यासाठीच पाहण्यासारखा आहे. तिथे जुनी पेन्शन कधीच गेली नाही. पण तिथल्या कर्मचाऱ्यांना महागाई भत्त्याच्या थकबाकीसाठी वर्षानुवर्षे न्यायालयात जावे लागले, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला थकबाकीचा चौथा हिस्सा तरी द्या, असा अंतरिम आदेश काढावा लागला. कागदावर योजना कोणती आहे एवढ्यावर घरात येणारा पैसा ठरत नाही. माझे स्वतःचे मत असे, की वर्गणीही जमा व्हावी आणि हमीही असावी. केंद्राने आणि महाराष्ट्राने उशिराने का होईना धरलेला मध्यम मार्ग हिशेबाला उतरणारा आहे. आंध्र प्रदेशाने २०२३ मध्ये हमीच्या पेन्शनचा कायदा करून तोच प्रयत्न केला होता.

बैठक मोडत आली, तेव्हा मुनीमजींना मी विचारले, "तुमचे किती बसते?" त्यांनी बोटांनी दाखवले: एक, आणि अर्धा. पंधराशे आणि वर काही.

मुनीमजींची पेन्शन सरकारी नव्हे. ती भविष्य निर्वाह निधीशी जोडलेली कर्मचारी पेन्शन योजना, १९९५, जिला सगळे ईपीएस-९५ म्हणतात. १६ नोव्हेंबर १९९५ पासून मालकाच्या वर्गणीतले ८.३३ टक्के या योजनेत जातात. पेन्शनचा हिशेब सोपा आहे: पेन्शनयोग्य वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. गोम आहे ती 'पेन्शनयोग्य' या शब्दात. पगार कितीही असो, मर्यादा २००१ पासून साडेसहा हजारांची होती. ती सप्टेंबर २०१४ मध्ये पंधरा हजार झाली. मुनीमजी २०१२ साली निवृत्त झाले. साडेसहा हजार गुणिले सतरा वर्षे भागिले सत्तर, म्हणजे पंधराशे अठ्ठ्याहत्तर रुपये, आणि जुन्या सेवेचा किरकोळ लाभ. यावर महागाई भत्ता नाही. बारा वर्षांपूर्वी पंधराशे होते, आज पंधराशे आहेत. किमान पेन्शन हजार रुपये, तीही २०१४ पासून. भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने २०१३ मध्येच ती तीन हजार करावी, अशी शिफारस केली होती.

या प्रश्नाची देशपातळीवरची हाक आपल्या जिल्ह्यातून उठली, याचा आपल्यापैकी किती जणांना पत्ता आहे? ईपीएस-९५ पेन्शनधारकांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीचे अध्यक्ष कमांडर अशोक राऊत बुलढाण्याचे. २४ डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर या वृद्धांचे साखळी उपोषण सुरू झाले आणि वर्षांमागून वर्षे चालले. मागणी महिना साडेसात हजार, त्यावर महागाई भत्ता, आणि पती-पत्नीला मोफत उपचार. आम्ही कामानिमित्त बुलढाण्याला गेलो की तो मंडप दिसे. गाडीच्या काचेतून दिसे, एवढेच.

त्या मंडपात एसटीचे निवृत्त चालक-वाहकही असत. आपल्या एसटीचा वाहक महामंडळाचा नोकर, म्हणून त्याला ईपीएस. हरियाणात रोडवेज हे शासनाचे खाते आहे, म्हणून तिथला जुना चालक सरकारी पेन्शनर. केरळच्या परिवहन महामंडळाची स्वतःची पेन्शन आहे, पण महामंडळाकडे पैसा नाही, म्हणून ती सहकारी संस्थांच्या मदतीने वाटावी लागते आणि रखडते. आंध्राने १ जानेवारी २०२० पासून परिवहन कर्मचाऱ्यांना शासकीय सेवेत घेतले. जुनी पेन्शन मात्र त्यांना मिळाली नाही. आपल्याकडे २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा संप पाच महिने चालला. विलीनीकरणाची ती मागणी अनेकांना हट्ट वाटली. दोन हजारांची पेन्शन समोर दिसत असलेल्या माणसाच्या जागी बसून ती पाहिली, तर निराळी दिसते.

सरकारच्या ताळेबंदावर बोलणे मला सोपे गेले. मुनीमजींच्या पंधराशेवर बोलणे अवघड जाते, कारण तिथे मालक आम्ही होतो. कायद्याप्रमाणे भरायचे ते आम्ही भरले, मर्यादेपर्यंतच भरले. मुनीमजींनी चौतीस वर्षे आमची खतावणी लिहिली. तिच्यात हे देणे कुठे नव्हते. खामगाव-मलकापूरच्या जिनिंगांत, तेलगिरण्यांत, डाळ मिलमध्ये काम केलेली अशी माणसे आपल्या बहुतेक घराण्यांच्या मागे आहेत. दुकानांत तर वीसपेक्षा कमी नोकर, म्हणून भविष्य निधीही नाही. किरकोळ दुकानदारांसाठी केंद्राने २०१९ मध्ये मानधन योजना काढली: वय अठरा ते चाळीस, उलाढाल दीड कोटीपर्यंत, आयकर भरणारा नसावा, महिना पंचावन्न ते दोनशे रुपये वर्गणी, तेवढीच सरकारची, आणि साठीनंतर महिना तीन हजार. आपल्यातले बरेच जण आयकरामुळेच तिच्या बाहेर आहेत.

ईपीएसच्या नियमांत एक तरतूद मात्र जिनिंगवाल्या प्रत्येक घराने वाचावी. हंगामी कारखान्यात वर्षातून काही महिनेच काम झाले, तरी पेन्शनसाठी ते पूर्ण वर्ष धरले जाते. दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रेचे चालतात. म्हणजे योजनेत नाव असलेल्या ज्या मजुराने दहा हंगाम केले, तो अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनला पात्र ठरू शकतो, आणि त्याच्या पश्चात त्याची विधवा. आपल्या हंगामाचे वर्ष मोजले जाते, हेच अनेकांना ठाऊक नसते. काहींचे नाव एका वहीत एक आणि आधार कार्डावर दुसरे.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाने माळ्यावरची हजेरी रजिस्टरे खाली उतरवली. १९९५ नंतरच्या हंगामांची नावे मुनीमजींनी स्वतः वाचून दाखवली, चष्मा पुसत, एकेकाचे गाव सांगत. दहा किंवा अधिक हंगाम भरलेली अकरा नावे निघाली. सहा जणांना पेन्शन चालू आहे. दोघे वारले, त्यांच्या घरी निरोप धाडला आहे. उरलेल्या तिघांचे खाते क्रमांक ज्या वहीत असायला हवेत, ती १९९८ ची वही अजून सापडलेली नाही.